पडद्यावरचे सामर्थ्य : कॅमेऱ्याचा कोन आणि कानांवर पडणारा आवाज

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत सुपरहिरोपटांवर नुकत्याच आलेल्या लेखात असे मत मांडले आहे की, या चित्रपटांचे सारे तंत्र दोन युक्त्यांत आटोपते : कॅमेरा जमिनीलगत लावून नायकाला उंच दाखवायचे आणि आवाज छातीत धडकेल इतका वाढवायचा. लेखकाचा वैताग मला समजतो. या प्रकारातील पुष्कळ चित्रपटांनी तो स्वतःहून ओढवून घेतला आहे. परंतु वाईट चित्रपटांवरून काढलेले हे अनुमान चांगल्या चित्रपटांना लागू पडत नाही, आणि मुख्य म्हणजे कॅमेऱ्याचा कोन व ध्वनी यांतून सामर्थ्य नेमके कसे भासते, हा प्रश्न त्यात बाजूलाच राहतो. त्याविषयी काहीसे सविस्तर लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, पडद्यावरचे सामर्थ्य नेहमी कशाच्या तरी तुलनेत दिसते. नायक किती बलवान आहे हे त्याने स्वतः सांगून पटत नाही. त्याच्या डोक्यावर काय आहे, त्याच्याकडे कोण पाहते आहे, त्याचा ठोसा बसण्याआधी आपल्या कानांवर काय पडत होते, यांवरून प्रेक्षक ते मनाशी ठरवतो. ही तुलना ज्या दिग्दर्शकाने उभीच केली नाही, त्याच्या कॅमेऱ्याने पाताळातून वर पाहिले तरी पदरात काही पडत नाही.

खालच्या कोनापासूनच सुरुवात करू. वाइड लेन्स जमिनीजवळ ठेवून वर रोखली की पाय आणि मांड्या भरदार दिसतात, डोके दूर गेल्यासारखे वाटते आणि आजूबाजूच्या उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून महत्त्वाचा परिणाम सहसा नजरेतून सुटतो, तो असा की या कोनात क्षितिज चौकटीच्या खाली निघून जाते. जमीन, रस्ता, गर्दी, शेजारी उभा असलेला माणूस हे सगळे दिसेनासे होते आणि पार्श्वभूमीला उरते ते केवळ डोक्यावर जे असेल ते. सुपरहिरोपटात तेथे बहुधा मोकळे आकाश असते, आणि त्यामुळेच हा नायक कोणाला बांधील नाही असे वाटू लागते. आकाशाच्या जागी छत आले की तोच कोन वेगळेच बोलू लागतो. ऑर्सन वेल्स यांच्या १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये नायक केन निवडणूक हरल्यानंतरचा प्रसंग छायालेखक ग्रेग टोलंड यांनी सेटची जमीन फोडून, खड्ड्यात कॅमेरा बसवून टिपला. त्या काळी सेटला वरून दिवे आणि माइक सोडण्यासाठी छत सहसा नसे. या चित्रपटात मात्र कापड ताणून मुद्दाम छते केली होती. त्यामुळे केन त्या दृश्यात अवाढव्य दिसतो खरा, पण नुकत्याच हरलेल्या त्या माणसाच्या माथ्यावर छत असे काही टेकलेले असते की, त्याचा आकार हीच त्याची अडचण वाटावी. तेव्हापासून कोन किती खालचा आहे यापेक्षा चौकटीच्या वरच्या कडेला काय ठेवले आहे, हे मी आधी पाहतो.

या कोनाचा इतिहास निर्मळ नाही, हेही ओघाने सांगायला हवे. लेनी रीफेन्श्टाल यांनी नाझी पक्षाच्या अधिवेशनावर केलेल्या १९३५ च्या प्रचारपटात हिटलरला वारंवार खालून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दाखवले आहे. कोणाला उंच करावे आणि कोणाला करू नये, याचा विवेक लेन्सजवळ नसतो. सुपरहिरोंच्या उंचावलेल्या छबीबद्दल ज्यांना अस्वस्थ वाटते, त्यांचे वाटणे मला म्हणूनच अनाठायी वाटत नाही.

आता नायकाभोवतीच्या माणसांकडे वळू. ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ (२०१२) या चित्रपटात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सहाही नायक बाहेर तोंड करून वर्तुळात उभे राहतात आणि कॅमेरा खालच्या कोनातून त्यांच्याभोवती फिरतो, हे दृश्य पुढे इतक्यांनी उचलले की आता ते जाहिरातींतही दिसते. कॅमेरा एका जागी थांबला असता तर एक नायक पुढे आणि पाच जण मागे, अशी उतरंड आपोआप तयार झाली असती. तो फिरत राहिल्यामुळे प्रत्येक जण पाळीपाळीने पुढे येतो आणि बाजूला होतो, आणि या घोळक्यात थोरला कोणी नाही हे एकही शब्द न उच्चारता कळते. नकला करणाऱ्यांनी कॅमेऱ्याची फेरी तेवढी घेतली. त्याआधी हीच माणसे एकमेकांशी किती भांडली होती, हे त्यांनी लक्षात घेतले नाही. तोवर एका चौकटीत नांदू न शकलेली माणसे पहिल्यांदा एकत्र उभी राहतात, म्हणून त्या फेरीला वजन येते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण सॅम रायमी यांच्या ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) मध्ये आहे. धावती रेल्वे थांबवताना पीटरची, म्हणजे स्पायडर-मॅनची, सारी ताकद संपते, तो शुद्ध हरपून कोसळू लागतो आणि डब्यातले प्रवासी त्याला अलगद आत ओढून, डोक्यावरून हातोहात मागे नेतात व जमिनीवर निजवतात. मुखवटा उतरलेला असतो. लोक उभे आणि नायक आडवा, अशी ही मांडणी आहे. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने येथे तो दुबळा ठरायला हवा. प्रत्यक्षात संपूर्ण चित्रपटात तो जितका मोठा कोठेच वाटत नाही तितका येथे वाटतो, कारण हे पोर किती लहान आहे हे त्या प्रवाशांच्या चेहऱ्यांवर उमटते आणि त्याने काय पेलले याचे माप आपल्याला त्या चेहऱ्यांतून मिळते.

कोनाला स्वतःचा असा ठरलेला अर्थ नसतो, याचा सर्वांत चांगला पुरावा मला उलट्या कॅमेऱ्याच्या तीन दृश्यांत सापडतो. ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट’ (२००८) मध्ये शेवटी बॅटमॅन खलनायक जोकरला उंच इमारतीवरून पाय बांधून उलटा टांगतो. सामना संपला आहे, नायक जिंकला आहे. जोकर बोलू लागतो आणि कॅमेरा सावकाश फिरत फिरत पूर्ण उलटा होतो. आता जोकर चौकटीत सरळ दिसतो, फक्त त्याचे केस आणि कोट वरच्या दिशेने लोंबत राहतात. लटकलेला माणूस ताठ आणि जग उलटे, अशी ही व्यवस्था. शहराच्या नीतीविषयीचा आपला डाव साधला आहे असे तो ज्या क्षणी सांगत असतो, त्या क्षणी चौकटही त्याच्या बाजूने झालेली असते. संवाद इतके ठसतात याचे अर्धे श्रेय मी छायालेखक वॉली फिस्टर यांच्या कॅमेऱ्याला देईन.

दहा वर्षांनी आलेल्या ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) मध्ये राजा टी’चालाला हरवून किलमाँगर नवा राजा म्हणून सिंहासनाच्या दालनात शिरतो, तेव्हा कॅमेरा आधीपासूनच उलटा असतो आणि तो सिंहासनाकडे चालत असताना हळूहळू सरळ होतो. म्हणजे क्रिया जोकरच्या दृश्याच्या नेमकी उलट आहे. तेथे सरळ जग उलटे होते; येथे राज्य उलटलेलेच आहे, आणि आपल्याला त्या उलट्या व्यवस्थेची सवय लागेपर्यंत कॅमेरा सावरत जातो. त्याच वर्षीच्या ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ या अ‍ॅनिमेशनपटात नवा स्पायडर-मॅन होऊ घातलेला माइल्स पहिल्यांदा मनापासून इमारतीवरून उडी घेतो. बोटे काचेला चिकटलेली आहेत, भीतीमुळे ती सुटत नाहीत, आणि तो झेपावतो तेव्हा काचेचे तुकडे बोटांबरोबर निघून येतात. भीती गेलेली नाही, तरीही उडी घेतली आहे, हे एवढ्याशा तपशिलात सांगून होते. त्यानंतर चौकट उलटी होते, शहर वर आणि आकाश खाली, आणि पडणारा मुलगा वर चढताना दिसतो. तिन्ही ठिकाणी कॅमेरा डोक्यावर उभा आहे, आणि तिन्ही ठिकाणी त्याने सांगितलेली गोष्ट निराळी आहे. असे असताना ‘या कोनाचा हा अर्थ’ अशी कोष्टके, चित्रपट रसग्रहणाच्या वर्गांतही, का पाठ करून घेतली जातात हे मला उमगत नाही.

ध्वनीची बाजू मला याहून मोठी वाटते, कारण दृश्यापासून प्रेक्षक मान फिरवू शकतो; आवाजापासून त्याला सुटका नसते. चित्रपटगृहातील ५.१ ध्वनिरचनेत, म्हणजे पाच मुख्य मार्ग आणि एक खर्जाचा अशा मांडणीत, खर्जासाठी एक स्वतंत्र मार्ग असतो आणि तो साधारण १२० हर्ट्झच्या (सेकंदाला १२० कंपनांच्या) खालचे आवाज वाहून नेतो. माणसाला २० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि त्या सीमेजवळ पोहोचलेला आवाज कानांपेक्षा छातीला आणि खुर्चीच्या पाठीला अधिक कळतो. मोठ्या वस्तू संथ कंप पावतात आणि लहान वस्तू जलद, हे आपल्या कानांना जन्मभराच्या अनुभवाने माहीत असते. त्यामुळे खर्ज ऐकला की मन आपोआप मोठ्या आकाराची कल्पना करते. लेखकाने ज्याला गोंगाट म्हटले आहे त्यामागे हे साधे कारण आहे. तरीही नुसता खर्ज म्हणजे नुसती घरघर. राक्षसी पावलाचे वजन पटते ते तावदाने थरथरल्यामुळे, उभ्या मोटारींचे भोंगे आपोआप वाजू लागल्यामुळे, छतातून माती भुरभुरल्यामुळे, म्हणजे बारीक आणि उंच आवाजांमुळे.

पडद्यावरचा एक ठोसा घ्या. त्यात सहसा एकच आवाज नसतो. तळाशी खर्जातला धप्प असा आवाज, मध्ये मांसावर चामडे आपटल्यासारखा फटका आणि वर काहीतरी तडकल्याचा बारीक कडाका, असे थर एकावर एक चढवलेले असतात. त्याहून नामी गोष्ट म्हणजे त्या थरांच्या आधी ठेवलेली पोकळी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. त्यांतील दोनतीन चौकटी, म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा, बाकीचे सगळे आवाज काढून घेतले जातात. ही पोकळी ऐकू आल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही, पण तिच्यानंतर आलेला ठोसा दुप्पट बसतो. सामर्थ्याला लागणारे माप येथे कानांसाठी तयार केलेले असते.

हे माप हरवले की काय होते, ते अनेक सुपरहिरोपटांच्या उत्तरार्धात कळते. इमारती पडताहेत, स्फोट होताहेत, वाद्यवृंद आणि नगारे एकदम वाजताहेत, आणि आपल्याला मात्र झापड येते. याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. मोठा आवाज आदळू लागला की मध्यकर्णातील एक इवलासा स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज, त्यातही विशेषतः खर्ज, कमी करतो. म्हणजे ज्या खर्जावर निर्मात्याने पैसे ओतले, तोच कान अडवून धरतो. येथे मी लेखकाशी पूर्ण सहमत आहे. फक्त हा दोष आवाज वाढवण्यापेक्षा तो कधीच न उतरवण्याचा आहे.

ज्यांनी आवाज उतरवण्याचे धाडस केले त्यांची उदाहरणे पाहावीत. ‘स्पायडर-मॅन २’मध्येच खलनायक डॉक्टर ऑक्टोपसचे यांत्रिक बाहू शस्त्रक्रियेच्या खोलीत जागे होतात, तो सगळा प्रसंग पार्श्वसंगीताशिवाय आहे. किंकाळ्या, धातूची करकर, हत्यारांचा खणखणाट आणि ओढून नेल्या जाणाऱ्या माणसाच्या नखांचा फरशीवरचा ओरखडा एवढेच ऐकू येते. रायमी हे मूळचे भयपटांचे दिग्दर्शक. संगीत दिले असते तर प्रेक्षकाला आपल्यासोबत कोणीतरी आहे असे वाटले असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ‘द डार्क नाइट’मध्ये पोलिसांच्या गाडीच्या खिडकीतून डोके बाहेर काढून जोकर रात्रीचा वारा अंगावर घेतो, तेव्हा शहराचा कोलाहल जवळजवळ पुसून टाकलेला आहे. आणि ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये हल्क हा राक्षसी ताकदीचा नायक खलनायक लोकीला पायाला धरून जमिनीवर आपटतो, तेव्हा कॅमेरा मुळीच नाट्यमय होत नाही, गप्प उभा राहून पाहतो. हल्क निघून जातो, खड्ड्यात पडलेल्या लोकीच्या घशातून एक बारीक, केविलवाणी शिट्टी निघते. आपटण्याच्या धमाक्यापेक्षा हल्कची ताकद त्या शिट्टीत जास्त कळते, आणि सभागृह हसते ते तिथेच.

‘द डार्क नाइट’च्या ध्वनीविषयी आणखी थोडे सांगतो, कारण कोन आणि कान यांचा इतका एकत्र विचार या प्रकारात क्वचितच झाला आहे. या चित्रपटाच्या ध्वनिसंकलनाला, म्हणजे रिचर्ड किंग यांना, ऑस्कर मिळाले. बॅटमॅनच्या दुचाकीचा आवाज घडवताना त्यांनी शेपर्ड स्वराची क्लृप्ती वापरली. मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी १९६४ मध्ये मांडलेला हा श्रवणभ्रम असा : एकेका सप्तकाच्या अंतरावरचे अनेक स्वर एकाच वेळी चढत जातात, सर्वांत वरचा स्वर हळूहळू विरतो आणि त्याच वेळी तळाशी नवा स्वर अलगद मिसळतो. कानाला वाटते की आवाज चढतोच आहे, पण तो शिखराला कधी पोहोचत नाही. दुचाकीचा वेग वाढल्याचे पडद्यावर दिसत नसतानाही ती अधिकाधिक जोर लावते आहे असे वाटते, ते यामुळे. त्याच चित्रपटात हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांनी बॅटमॅनला दोनच स्वरांची खूण दिली, तर झिमर यांनी जोकरला जवळजवळ एकच स्वर दिला, चेलोच्या तारेवर ताणत ताणत नेलेला, तुटेल तुटेल असे वाटणारा. सुरांची गर्दी करून दरारा वाढत नाही, हे यापेक्षा काटकसरीने कोणी दाखवले असेल असे वाटत नाही. ‘ब्लॅक पँथर’साठी ऑस्कर मिळवणारे लुडविग योरान्सन यांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी टी’चालासाठी पश्चिम आफ्रिकेतील बोलका ढोल योजला, तर परक्या देशात वाढलेल्या किलमाँगरसाठी पश्चिम आफ्रिकेतीलच फुलानी लोकांची बासरी आणि हिपहॉपचा खर्ज यांची सांगड घातली. गादीवर दोघांचाही दावा आहे. तो दावा कोठून आला आहे, हे वाद्ये सांगतात.

आपल्याकडच्या एका चित्रपटाचा उल्लेख येथे टाळवत नाही. शेखर कपूर यांच्या ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) मधला नायक अदृश्य होतो आणि केवळ लाल प्रकाशात दिसतो. ज्याला देहच दिसत नाही त्याला खालून कसा दाखवणार? त्यामुळे कोनाची सगळी मिजास आपोआप गळून पडते आणि भार येतो तो अधांतरी हलणाऱ्या वस्तूंवर, मार खाणाऱ्या गुंडांच्या भांबावलेल्या चेहऱ्यांवर आणि रिकाम्या जागेतून येणाऱ्या आवाजावर. तुटपुंज्या तांत्रिक साधनांच्या काळात केलेले ते काम आज संगणकावर सफाईने होईल. परंतु सामर्थ्य रिकाम्या जागेला चिकटवता येते, ही समज संगणक पुरवत नाही.

आणि कोन किंवा गडगडाट यांपैकी कशाचीही मदत न घेतलेले दृश्य हवे असेल, तर रिचर्ड डॉनर यांच्या १९७८ च्या ‘सुपरमॅन’कडे जावे लागते. जॉन विल्यम्स यांची षड्जावरून पंचमाकडे झेप घेणारी तुतारी सर्वांच्या लक्षात राहिली आहे, पण मी सांगतो आहे तो प्रसंग साधा घरातला आहे. त्याची सहकारी लोइस आतल्या खोलीत आहे, क्लार्क, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅन, बाहेर थांबला आहे. तिला खरे सांगून टाकावे असे त्याच्या मनात येते. तो चष्मा काढतो, खांदे मागे जातात, पाठ ताठ होते, उंची काही इंचांनी वाढल्यासारखी वाटते आणि आवाज खाली, भरदार होतो. मग धीर सुटतो. चष्मा परत चढतो, खांदे पडतात, आवाज पुन्हा नाकातून येऊ लागतो. क्रिस्टोफर रीव्ह यांनी हे सगळे संकलकाच्या कात्रीविना, एकाच सलग दृश्यात केले आहे. कॅमेरा त्यांच्या मदतीला धावत नाही, आणि म्हणूनच दुबळा क्लार्क व बलवान सुपरमॅन यांच्यातील अंतर आपण त्याच चौकटीत, त्याच उजेडात मोजू शकतो.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. चित्रपट परीक्षणांच्या चौकटीत निर्माता, दिग्दर्शक आणि कलाकार यांची नावे नियमाने येतात, छायालेखकाचे नाव अधूनमधून येते आणि ध्वनी घडवणाऱ्याचे नाव बहुधा येतच नाही. ते देण्याची पद्धत सुरू करावी, आणि परीक्षणात ‘भव्य’ किंवा ‘कर्णकर्कश’ या विशेषणांच्या जागी एखाद्या तरी दृश्याचा कोन व आवाज दोन ओळींत उलगडून दाखवावा. परीक्षकाने चित्रपट कोठे पाहिला हेही नमूद व्हावे असे मला वाटते. हे चित्रपट आता मोठ्या प्रमाणावर मोबाइलवर पाहिले जातात, आणि त्याच्या इवल्या स्पीकरमधून खालचा खर्ज जवळपास पूर्णपणे गळून जातो. अशा प्रेक्षकाला आणि चित्रपटगृहात बसलेल्याला एकच परीक्षण कसे पुरेल?

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक